इंग्रजी : साध्य की अट? मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांचे इंग्रजी-अध्ययन आणि तंत्रसाधनांची वाटचाल

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी हा विषय किमान आठ वर्षे शिकून आलेला असतो. २००० नंतर पहिलीत गेलेल्या पिढीच्या बाबतीत ही मुदत बारा वर्षांची आहे. असे असूनही इंग्रजीच्या तासाला उभे राहून चार वाक्ये बोलण्याचा प्रसंग आला की यांतील अनेकजण मान खाली घालतात. या अवस्थेवर उपाय म्हणून प्रत्येक काळात त्या त्या काळाचे यंत्र पुढे करण्यात आले. ध्वनिमुद्रिका, नभोवाणी, भाषा-प्रयोगशाळा, दूरचित्रवाणी, संगणक आणि आता भ्रमणध्वनी असा हा क्रम आहे. प्रत्येक साधनाबरोबर आशा आली, खर्च झाला आणि काही वर्षांनी पुढील साधनाची चर्चा सुरू झाली.

प्रस्तुत लेखात या वाटचालीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. आढाव्याचे केंद्र महाराष्ट्र असले तरी जे प्रयोग इतरत्र झाले आणि ज्यांचा येथील प्रश्नाशी थेट संबंध आहे, त्यांचाही विचार केला आहे. या इतिहासातून एक भेद स्पष्ट होतो. इंग्रजी शिकवण्यासाठी साधन वापरले जाते तेव्हा इंग्रजी हे साध्य असते. मात्र साधन हाती धरण्यासाठीच इंग्रजी यावी लागते तेव्हा ती अट होऊन बसते. जी साधने ही अट घालून आली ती, ज्यांना इंग्रजी थोडीफार येत होती, त्यांच्याच उपयोगी पडली. ज्या साधनांनी मुलाची भाषा आणि शिक्षकाचा हात सोबत घेतला, त्यांच्याकडून उरलेल्यांनाही लाभ झाला.

पाठमाला, तबकडी आणि भाषा-प्रयोगशाळा

यंत्र येण्यापूर्वी मराठी घरांत इंग्रजीचे जे साधन होते ते म्हणजे तर्खडकर भाषांतर पाठमाला. मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य आणि इंग्रजीवरून मराठी, ही तिची रीत. तालुक्याच्या गावी, इंग्रजी बोलणारे माणूस कधी कानी न पडताही, अनेक पिढ्या या पाठमालेवर इंग्रजी वाचू-लिहू लागल्या. तिची मर्यादा उघड होती. तिच्यात ध्वनी नव्हता. पाठमालेवर तयार झालेला विद्यार्थी अर्ज बिनचूक लिहीत असे, परंतु तोच मजकूर तोंडाने सांगताना अडखळत असे.

ही उणीव यंत्राने भरून काढावी, ही कल्पना जुनी आहे. लिंग्वाफोन ही संस्था १९०१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली आणि ध्वनिमुद्रणाद्वारे भाषा शिकवण्याचा व्यवसाय सुरू झाला. बी.बी.सी.ने १९४३ मध्ये ‘इंग्लिश बाय रेडिओ’ ही पाठांची मालिका सुरू केली. दुसऱ्या महायुद्धानंतर भाषा-प्रयोगशाळेची कल्पना पुढे आली. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यान्वये अशा प्रयोगशाळांसाठी मोठा निधी उपलब्ध झाला. त्याच वर्षी हैदराबाद येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशची स्थापना झाली. हीच संस्था २००७ पासून इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.

प्रयोगशाळेमागील सिद्धांत असा होता की भाषा ही सवय आहे; ऐकावे, म्हणावे, चूक दुरुस्त करावी आणि पुन्हा म्हणावे. या विचारात मातृभाषा ही आधार नव्हती, तो व्यत्यय होता. परिणामी एक विचित्र अदलाबदल झाली. पाठमालेत मराठी होती पण ध्वनी नव्हता. यंत्रात ध्वनी आला आणि मराठी बाहेर गेली. कर्णसंच लावून बसलेला विद्यार्थी वाक्य हुबेहूब म्हणू शकत असे, परंतु आपण काय म्हणालो हे त्याला कळलेच असेल अशी खात्री नसे. महाविद्यालयांत पुढे आलेल्या संगणकीय भाषा-प्रयोगशाळांतही ही मांडणी बऱ्याच अंशी तशीच राहिली. फिती जाऊन संगणक आले, तरी पाठाची घडण फारशी बदलली नाही.

नभोवाणी : ऐकणे आणि उत्तर देणे

नभोवाणीच्या शैक्षणिक उपयोगाचा एक महत्त्वाचा धडा महाराष्ट्रातच मिळाला होता, मात्र तो इंग्रजीच्या संदर्भात नव्हता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुण्याच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० गावांमध्ये ‘रेडिओ रूरल फोरम’ हा प्रयोग केला. गावकऱ्यांचा गट एकत्र बसून शेती व ग्रामजीवनावरील कार्यक्रम ऐकत असे आणि कार्यक्रम संपल्यावर त्यावर आपल्या भाषेत चर्चा करत असे. या प्रयोगाच्या मूल्यमापनात केवळ प्रसारणाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व या चर्चेला असल्याचे दिसून आले.

भाषा-शिक्षणात या तत्त्वाचा वापर भारताबाहेर प्रथम पद्धतशीरपणे झाला. निकाराग्वा येथे १९७४ पासून गणितासाठी संवादात्मक नभोवाणीचा प्रयोग सुरू झाला होता. त्याच धर्तीवर केनियामध्ये १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात पहिल्या तीन इयत्तांना नभोवाणीवरून इंग्रजी शिकवण्यात आले. या पाठांची रचना साधी परंतु विचारपूर्वक केलेली होती. निवेदक प्रश्न विचारून काही क्षण थांबत असे. त्या अवकाशात वर्गातील मुले मोठ्याने उत्तर देत. मग निवेदक योग्य उत्तर सांगत असे. वर्गशिक्षकाला फळ्यावर शब्द लिहिणे, मुलांच्या जोड्या लावणे, वस्तू दाखवणे अशी निश्चित कामे नेमून दिलेली असत. मूल्यमापनात या वर्गांतील मुलांचे श्रवण व वाचन इतरांपेक्षा सरस आढळले.

पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने हीच पद्धत मराठी शाळांच्या गरजेनुसार घडवून ‘वुई लर्न इंग्लिश’ हा श्राव्य कार्यक्रम तयार केला. त्यात मुलांच्या भाषेचा आधार घेण्यात आला होता. हे साधन स्वस्त होते, विजेचा व जोडणीचा प्रश्न त्यात कमी होता आणि ज्या शिक्षकाला इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटे, त्याला ते उघडे पाडत नव्हते. आवाज कार्यक्रमाचा, वर्ग शिक्षकाचा, अशी ही विभागणी होती. पुढे आलेल्या कितीतरी महागड्या साधनांत हा शहाणपणा आढळत नाही.

दूरचित्रवाणी आणि शाळेतील पहिला संगणक

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. पुणे विद्यापीठातील शैक्षणिक माध्यम केंद्राचा त्याच्या निर्मितीत आरंभापासून सहभाग होता. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या महाविद्यालयांतील पदवी विद्यार्थ्यांपर्यंत दर्जेदार अध्यापन पोहोचवणे हा त्याचा हेतू होता. परंतु आरंभीच्या प्रसारणाची भाषा मुख्यतः इंग्रजी होती. ज्या विद्यार्थ्यासाठी हा कार्यक्रम विशेषत्वाने योजला होता, त्यालाच तो समजण्यास सर्वांत कठीण जात होता. इंग्रजी येथे शिकवली जात नव्हती, ती गृहीत धरलेली होती. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाचे उद्घाटन झाले, तेव्हाही बहुसंख्य अभ्यासक्रमांची भाषा इंग्रजीच होती. तेहतीस वर्षांनंतर हा प्रश्न नव्या रूपात समोर उभा राहिला.

१९८४-८५ मध्येच केंद्र शासनाच्या ‘क्लास’ प्रकल्पान्वये २५० शाळांना बी.बी.सी. मायक्रो संगणक देण्यात आले. पुढे या प्रकल्पाची व्याप्ती सुमारे अडीच हजार शाळांपर्यंत गेली. या संगणकांवरील आरंभीच्या आज्ञावल्या मोठ्या प्रमाणात ब्रिटिश शाळांसाठी तयार झालेल्या होत्या. कळफलक रोमन, आज्ञा इंग्रजी, उदाहरणे परकीय. मराठी माध्यमाच्या मुलाच्या दृष्टीने संगणकाशी पहिली ओळख ही इंग्रजीची परीक्षाच ठरली.

देवनागरी संगणकावर येण्याची तांत्रिक तयारी मात्र याच काळात होत होती. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्रज्ञानाचा प्रसार केला. १९९१ मध्ये इस्की या संकेतप्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध करून दिला, तेव्हा संगणक शिकण्यासाठी आधी इंग्रजी शिकले पाहिजे ही समजूत राज्यात प्रथमच मोठ्या प्रमाणावर ढासळली. मराठीतून संगणक शिकलेला विद्यार्थी त्याच संगणकावर पुढे इंग्रजीही शिकू शकतो, हा या घटनेचा अर्थ होता. मात्र इंग्रजीच्या अध्यापनात त्याचा उपयोग फारसा करून घेतला गेला नाही.

पहिलीपासून इंग्रजी आणि रायगडमधील दोन प्रयोग

स्वातंत्र्योत्तर मुंबई राज्यात काही काळ इंग्रजीचा प्रारंभ आठवीपासून होत असे. पुढे महाराष्ट्रात तो पाचवीपासून होऊ लागला. २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री असताना, राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू करण्याचा निर्णय अमलात आला. ज्या मुलांच्या घरी इंग्रजीचा स्पर्श नव्हता त्यांना समान संधी मिळावी, हा यामागील उद्देश होता. परंतु ज्या शिक्षकांवर ही जबाबदारी आली त्यांतील पुष्कळांचे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले होते आणि इंग्रजी बोलण्याचा सराव त्यांना नव्हता. शिक्षकालाच ज्या भाषेत आत्मविश्वास नाही, ती त्याने सहा वर्षांच्या मुलाला कशी शिकवावी, या प्रश्नातून तंत्रसाधनांची मागणी वाढली.

याच दशकात एका रायगड जिल्ह्याने दोन भिन्न विचारांचे प्रयोग पाहिले. त्यांतील एक ‘प्रथम’ या संस्थेने केला. तिने ‘पिकटॉक’ हे छोटे बोलके यंत्र उपयोगात आणले. मुलाने लेखणीने चित्रावर टेकवले की त्या चित्राचे इंग्रजी नाव ऐकू येई. यंत्र वापरण्यासाठी इंग्रजी वाचता येण्याची गरज नव्हती. ठाणे आणि रायगडमधील माणगाव या भागांतील शाळांत २००५ ते २००७ या काळात या कार्यक्रमाची यादृच्छिक निवडीने चाचणी घेण्यात आली. कोठे यंत्र, कोठे शिक्षकाने घ्यावयाचे चित्रपत्त्यांचे खेळ व उपक्रम, तर कोठे दोन्ही, अशी योजना होती. फांग हे, ली लिंडन आणि मार्गरेट मॅक्लाउड यांनी २००८ मध्ये मांडलेले निष्कर्ष विचार करण्यासारखे आहेत. दोन्ही मार्गांनी मुलांची इंग्रजी लक्षणीय सुधारली. परंतु लाभाची वाटणी सारखी नव्हती. जी मुले आधीच पुढे होती त्यांना स्वतःच्या गतीने वापरण्याच्या यंत्राचा अधिक फायदा झाला. जी मागे होती त्यांना शिक्षकाच्या सहभागाने घेतलेल्या उपक्रमांचा अधिक फायदा झाला.

दुसरा प्रयोग ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक चळवळीचा होता. प्रत्येक मुलाला स्वस्त संगणक मिळाला की अध्ययन आपोआप बदलेल, अशी तिची धारणा होती. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये या योजनेत सहभागी होण्यास नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये खैराट या रायगडमधील छोट्या गावातील एकशिक्षकी शाळेत भारतातील पहिला प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. त्या एका शाळेवरून निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. परंतु याच संगणकांचा पेरूच्या ग्रामीण भागातील ३१९ शाळांत अभ्यास झाला, तेव्हा गणित व भाषेच्या चाचण्यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दाखवून दिले. माणगावच्या यंत्राचे काम मर्यादित होते, पण ते कोणासाठी व कशासाठी आहे हे ठरलेले होते. सर्व काही करू शकणाऱ्या संगणकाबाबत नेमके हेच ठरलेले नव्हते.

भिंतीतील संगणक : शिक्षकाविना अध्ययन

शिक्षकाचा प्रश्न शिक्षकालाच वगळून सोडवता येईल का, याची परीक्षा दिल्लीत झाली. २६ जानेवारी १९९९ रोजी कालकाजी येथे सुगत मित्रा यांनी एन.आय.आय.टी.च्या भिंतीत एक संगणक बसवला. लगतच्या वस्तीतील मुले कोणीही न शिकवता तो चालवू लागली. पडद्यावरील बाणाला ही मुले ‘सुई’ म्हणत आणि वाळूच्या घड्याळाच्या चिन्हाला ‘डमरू’. या शब्दांचा उल्लेख गमतीने केला जातो, परंतु भाषा-शिक्षणाच्या दृष्टीने ती महत्त्वाची नोंद आहे. अपरिचित यंत्र आपलेसे करताना मुलांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याला आपल्या भाषेतील नावे दिली.

मित्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हैदराबादमधील एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. भाषण ओळखणारी संगणक-प्रणाली आणि इंग्रजी चित्रपट यांच्या साहाय्याने मुलांच्या एका गटाने आपले इंग्रजी उच्चार सुधारल्याचे त्यात नोंदवले होते. बोललेले शब्द पडद्यावर बरोबर उमटेपर्यंत मूल प्रयत्न करत राहते, हे तत्त्व पुढील दोन दशकांत सर्वत्र रूढ झाले.

तथापि या प्रयोगांच्या मर्यादाही अभ्यासकांनी वेळीच दाखवल्या. मार्क वॉर्शाव्हर यांनी २००२ मध्ये लिहिले की दिल्लीच्या केंद्रावर आंतरजाल क्वचितच चालत होते आणि मुलांना जी एकच भाषा येत होती त्या हिंदीतील सामग्री तेथे नव्हती. पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडमधील दोन बंद पडलेल्या केंद्रांचा अभ्यास मांडून समाज व शाळा यांच्या सहभागाचा प्रश्न उपस्थित केला. खुद्द मित्रा यांच्या कार्यातही २००९ पासून मानवी आवाज परतला. ब्रिटनमधील स्वयंसेवक, त्यांत अनेक निवृत्त शिक्षिका, दूरसंवादाद्वारे भारतीय मुलांशी इंग्रजीत गप्पा मारू लागल्या. २०१३ च्या टेड पुरस्कारानंतर उभारलेल्या ‘स्कूल इन द क्लाउड’ केंद्रांपैकी एक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे होते. यंत्रापुढे मूल एकटे पुरेसे आहे, या विधानापासून सुरू झालेला प्रवास ऐकून घेणाऱ्या माणसापर्यंत येऊन पोहोचला.

भ्रमणध्वनी, महासाथ आणि आजचा प्रश्न

भ्रमणध्वनीवरील इंग्रजी-अध्ययनाचा एक गंभीर प्रयत्न मॅथ्यू कॅम व सहकाऱ्यांच्या ‘मिली’ या प्रकल्पात उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात झाला. आरंभीचे खेळ पाश्चात्त्य संगणकीय खेळांच्या घडणीचे असल्याने मुलांना ते उमगेनात. तेव्हा संशोधकांनी गावातील पारंपरिक खेळांचा अभ्यास करून त्यांच्या नियमांवर इंग्रजी शब्दांचे खेळ बेतले. म्हणजे येथेही नवे शिकण्याचा रस्ता परिचित भूमीतूनच गेला.

महाराष्ट्रात २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा लोकवर्गणीतून डिजिटल झाल्या. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर संकेत वापरून दृक्श्राव्य पाठ मुलांपर्यंत नेले. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. गूगलने मार्च २०१९ मध्ये भारतात आणलेल्या ‘बोलो’ या उपयोजनात मूल मोठ्याने वाचत असे, यंत्र ऐकून अडलेला शब्द सांगत असे आणि इंग्रजी मजकुराचा अर्थ हिंदीत समजावून देत असे. २०२० मध्ये ‘रीड अलाँग’ या नव्या नावाने ते मराठीसह नऊ भाषांत आले. पाठमालेतील मातृभाषा आणि तबकडीतील ध्वनी येथे दीर्घ काळाने एकत्र आले, असे म्हणता येईल.

परंतु साधन सुधारले म्हणून ते सर्वांच्या हाती आले असे नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. घरात फोन असणे आणि तो मुलाला अभ्यासासाठी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१६ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या ‘असर’ अहवालांत इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचू शकणारी पाचवीतील ग्रामीण मुले जवळपास एक चतुर्थांशच होती. मधल्या काळात स्वस्त आंतरजाल गावोगाव पोहोचले होते. तरी हे प्रमाण जागचे हलले नाही.

समारोप

वरील इतिहासावरून मातृभाषेच्या आधाराचा अर्थ सर्व काही मराठीत भाषांतरित करणे असा घेतल्यास ती चूक ठरेल. पाठमालेचा अनुभव हेच सांगतो. ध्वनी आणि प्रत्यक्ष बोलणे यांवाचून भाषा तोंडात रुळत नाही. आधार याचा अर्थ एवढाच की सूचना कळाव्यात, अर्थ पोहोचावा आणि चुकण्याची भीती कमी व्हावी. एवढे झाले की इंग्रजी अधिकाधिक ऐकण्या-बोलण्याचा अवकाश यंत्र देऊ शकते.

माणगावचा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. भाषा-प्रयोगशाळेची किल्ली किंवा उपयोजनाचा दुवा विद्यार्थ्यांच्या हाती देऊन अध्यापक बाजूला झाला, तर वर्गातील पुढचे विद्यार्थी आणखी पुढे जातील आणि मागचे जेथे होते तेथेच राहतील. सरासरी गुणांत कदाचित सुधारणा दिसेल आणि त्या सरासरीत हे अंतर झाकले जाईल. म्हणून प्रयोगशाळेतील पहिले तास ज्यांना काहीच येत नाही त्यांच्यासोबत अध्यापकाने बसून घालवावेत, सूचना मराठीत द्याव्यात आणि यंत्राने ऐकवलेल्या वाक्यावर विद्यार्थ्यांना परस्परांशी बोलू द्यावे. १९५६ मध्ये पुण्याच्या परिसरातील गावकरी नभोवाणी संच बंद झाल्यावर जे करत होते, ते याहून फार वेगळे नव्हते. खरे शिक्षण तेव्हाच सुरू होत असे.